हिरवळीतला खिळा

रविवार, २ सप्टेंबर १९५६. सकाळी ७.२०

वेळ मुद्दाम लिहिली आहे. पुढे कुणी, त्या वेळी आपण आंघोळीला गेलो होतो, असं सांगू लागलं तर ही नोंद उपयोगी पडेल.

लॉन कापत होते. मी स्वतः. भिवाजी माळी आठला उगवतो, रविवारी साडेआठला. माझ्या बंगल्याकडची बाजू झाली. हणमंतच्या बंगल्याकडे वळले आणि मशीनमधून खट्ट असा आवाज आला. दाढ तुटल्यासारखा. मशीन उलटं केलं. खालच्या पात्याला खाच. करंगळीचं टोक मावेल एवढी.

आमचा मोअर हाताने ढकलायचा आहे. गोल फिरणारी वळणदार पाती, आणि त्यांच्याखाली एक सरळ, स्थिर पातं. वरची पाती खालच्याला चाटून जातात आणि गवत मध्ये कात्रीत सापडल्यासारखं सापडतं. म्हणजे खालचं पातं गेलं की सगळं गेलं.

गवतात खिळा होता. नवा, चकचकीत. खिळे आभाळातून पडत नाहीत. हणमंतच्या व्हरांड्यातला चिकाचा पडदा वर केला. मागे देवदारी लाकडाची खोकी. एकाचं झाकण ठोकून झालेलं, त्यावर काळ्या रंगात लिहिलेलं: औरंगाबाद.

हणमंत माझा धाकटा भाऊ. महसूल खात्यात आहे, तिथे त्याला हणमंतराव म्हणतात. पहिल्या नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, आपले मराठी जिल्हे मुंबई राज्यात जाणार, त्यांच्याबरोबर कचेऱ्या आणि माणसं जाणार, हे मी रोज पेपरात वाचते. पण त्यातला एक तुकडा माझ्याच नारायणगुड्याच्या कंपाउंडमधून निघणार, हे मला खिळ्याने सांगावं?

निश्चय: नवं पातं बसेपर्यंत हणमंतशी बोलणार नाही. जे काय ते लेखी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बोलावं लागलं. तोच आला, चहाच्या वेळेला, पायजम्यात. म्हणाला, अक्का, सांगणारच होतो. कधी, म्हटलं. म्हणाला, गणपती झाले की. म्हणजे माझ्या हातचे मोदक खाऊन मग.

खात्याने उन्हाळ्यातच विचारलं होतं म्हणे, इथे राहता की तिकडे जाता. याने तिकडे असं लिहून दिलं. उन्हाळाभर मी याच लॉनवर त्याला आंबे कापून देत होते. त्याची बायको कुसुम मागे उभी होती. ती म्हणाली, वन्सं, तुम्हाला त्रास होईल म्हणून आम्ही.

मला त्रास झालेला नाही. हातातून कप सुटला, कारण हाताला मशीनचं तेल होतं.

मी एवढंच सांगितलं की विषय औरंगाबादचा नाही, पात्याचा आहे. खिळा तुझा, खाच माझ्या मशीनला. तो म्हणाला, मशीन आप्पांचं, दोघांचं. आप्पांनी, आमच्या वडिलांनी, ते बोलारमच्या गोऱ्या साहेबाकडून घेतलं हे खरं. पण तेल कोण घालतं?

बुधवार, ५ सप्टेंबर

खाच कानशीने घासून काढायचं ठरवलं. कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस म्हणत, ज्या मुलीला सुई नीट धरता येते तिला जगातलं काहीही धरता येतं. मी सव्वीस वर्षं मुलींच्या शाळा तपासल्या. हेडमिस्ट्रेस बाया मला पाहून साडीचा काठ सावरायच्या. एक लोखंडी पट्टी ती काय.

दुपारपर्यंत घासलं. खाच नाहीशी झाली. म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचं लोखंड तिच्याएवढं खाली आलं. आता पात्याच्या मध्यावर छान, गुळगुळीत खळगा आहे. दिसायला पुष्कळ बरं.

कागद घालून पाहिला. दोन पात्यांमध्ये पेपरची पट्टी धरून चाक फिरवलं की ती कात्रीने कापल्यासारखी तुटायला हवी. दोन्ही टोकांना तुटली. मध्ये नुसती दुमडली. पेपर जाड होता.

शनिवार, ८ सप्टेंबर. चतुर्थी

गणपती दर वर्षी हणमंतकडे बसतो. आरतीला गेले नाही. त्याच सुमारास खिडकीत उभी होते, वारा कुठून आहे ते पाहायला. वाऱ्याबरोबर आरती ऐकू आली तर माझा इलाज नाही. दुसऱ्या कडव्याला हणमंत नेहमीप्रमाणे चुकला आणि कुणी दुरुस्त केलं नाही. दर वर्षी मी करते.

कुसुमने ताट पाठवलं. मोदक तिचे, म्हणजे पारी जाड. अन्न टाकू नये म्हणून खाल्ले. सगळे.

मंगळवार, ११ सप्टेंबर

सिकंदराबादला गेले. अप्पारावचं दुकान. शिवणयंत्रं, सायकली, मोअर, सगळ्याचे सुटे भाग ठेवतो आणि मागितलेला सुटा भाग तेवढा त्याच्याकडे नसतो. विचारतो, कौनसा पाता होना अम्मा, घूमने का की बैठने का? म्हटलं, बसलेलं. म्हणतो, मद्रासकू चिट्ठी डालता. मी म्हटलं, तारीख सांग. तर म्हणतो, तारीख बोले तो झूठ होता अम्मा, मैं झूठ नै बोलता.

त्याला त्याच्या दुकानातला कचरा, पाटीवरच्या इंग्रजीतल्या तीन चुका आणि वक्तशीरपणाचं महत्त्व यांविषयी चार शब्द सांगितले. त्याने मन लावून ऐकलं, आणि तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं केली.

रविवार, १६ सप्टेंबर

सकाळी दाराच्या फटीतून सिगारेटचं पाकीट आत आलं. पाठीमागे पेन्सिलीने: "अक्का, खिळा माझा. पातं माझ्याकडून. आता बोल." खाली ह.

तांबड्या शाईने तपासून परत पाठवलं. तारीख नाही. विषय नाही. शेवटचं वाक्य आज्ञार्थी, वडीलधाऱ्यांशी अयोग्य. दहापैकी तीन.

संध्याकाळी तो कुंपणाशी उभा राहून मोठ्याने, भिवाजीला उद्देशून बोलत होता. म्हणे, भिवाजी, सरकारी वाटणीच्या नियमाने या मशीनचे तीन भाग होतील. दांडा आंध्राला, चाकं म्हैसूरला, पातं मुंबई राज्याला. भिवाजी म्हणाला, आन् गवत, साहेब? हणमंत म्हणाला, गवत अक्कांना. दोघं हसले. माझ्याही बाजूने आवाज आला म्हणतात. तो खोकला होता.

रविवार, २३ सप्टेंबर

पाऊस थांबत नाही आणि गवत ऐकत नाही. नवं पातं येईपर्यंत जुन्यावर भागवायचं ठरवलं. ढकललं. दोन्ही कडांना सुरेख कापलं जातं. मधल्या खळग्याखालचं गवत मात्र नुसतं मान वाकवतं आणि मशीन पुढे गेलं की पुन्हा ताठ उभं राहतं. माझ्या हाताखालच्या काही मास्तरणी अशाच होत्या.

सगळ्या लॉनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या गवताच्या ओळी. भिवाजीने पाहिलं, म्हणाला, बाई, शेंड्या ठिवल्या जनू. मी म्हटलं, विलायतेत पट्ट्यापट्ट्यांचं लॉन मुद्दाम करतात. म्हणाला, असतील बाई, तिकडं बी मुंजी होत असतील.

रविवार, ३० सप्टेंबर. दुपार

हणमंत आणि कुसुम दोघं आले. रीतसर, चपला दाराबाहेर काढून. हणमंत म्हणाला, अक्का, तू पण चल. तिकडे बंगला मोठा मिळतो आहे. इथे एकटी काय करशील? कुसुम म्हणाली, वन्सं, खरंच चला, मला तिकडे ओळखीचं कुणी नाही, भांडायला तरी कुणी हवं.

मी शांतपणे सांगितलं की पात्याचा निकाल लागल्याशिवाय मला दुसऱ्या कुठल्याच विषयाचा विचार करता येणार नाही.

हणमंत म्हणाला, म्हणजे हो की नाही? म्हटलं, म्हणजे पातं. तो कपाळाला हात लावून बसला. आप्पाही तसेच बसायचे, माझ्या प्रगतिपुस्तकानंतर नव्हे, त्याच्या.

गेले दोघं. एकच गोष्ट विचारायची राहिली. हे बोलावणं याला केव्हा सुचलं? औरंगाबाद लिहून दिलं तेव्हा, की खिळा सापडल्यावर तोंड लपवायला? विचारणार नाही. मला त्यात काही रस नाही.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

अजिबात रस नाही.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

सिकंदराबाद. अप्पाराव म्हणे, कल. म्हटलं, काल कधी म्हणाला होतास? म्हणे, परसों. म्हटलं, आणि परवा? त्याने माझ्यासाठी चहा मागवला. चहा प्यायल्यावर माणसाला ओरडता येत नाही हे या व्यापाऱ्यांना कुणी शिकवलं?

गवत घोट्याच्या वर. कुसुम तिच्या पायरीवरून म्हणाली, वन्सं, काल माझा चमचा पडला तिकडे, पुढच्या दिवाळीपर्यंत सापडला तर पाठवून द्या औरंगाबादला. या बाईला माझ्या घरात येऊन पंचवीस वर्षं झाली, आता कुठे नीट टोमणा मारायला शिकली. आणि चालली.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

भिवाजी रजेवर. तो, त्याची बायको सरुबाई आणि त्यांची सगळी आळी नागपूरला निघाली, दसऱ्याला तिथे दीक्षा आहे. सरुबाई नवं पांढरं लुगडं दाखवायला आली होती. भिवाजी म्हणाला, बाई, आता आमी बुद्धाचे. मी म्हटलं, जरूर जा, पण सोमवारी कामावर ये. म्हणाला, बाई, धा पिढ्यांनी निघालोय, दोन दिस उशीर झाला तर लिहून ठिवा. हे लिहून ठेवलं. त्याचं बरोबर होतं म्हणून नव्हे, नोंद असावी म्हणून.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर. दुपारी ३

पातं आलं!

आणलं, धुतलं, पुसलं. मीच बसवलं. स्पॅनर हणमंतकडचा, कुसुमकडून मागून घेतला, त्याच्याकडून नव्हे. दोन स्क्रू उरले. कंपनीने जास्तीचे दिले असावेत. कागद घातला. कुरकुर न करता तुटला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. काय आवाज! नवी कात्री आणि कोरी मलमल.

बेत असा: उद्या खंडेनवमी, हत्यारांना विश्रांती, म्हणून चालवायचं नाही. परवा दसरा. सोमवारी सगळं लॉन. मंगळवारी हणमंतला चहाला बोलावून गवतावर बसवायचं आणि मग तो विषय काढायचा. कुठला, ते तेव्हा ठरवू.

शनिवार, १३ ऑक्टोबर. खंडेनवमी

आज जे झालं ते सविस्तर लिहून ठेवणं आवश्यक आहे, कारण कुसुमने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि ती आपल्या परीने सांगेल.

मी अंधश्रद्धाळू नाही. पण दर वर्षी या दिवशी भिवाजी विळा, कुदळ आणि मोअर तुळशीपुढे मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडू घालतो, नारळ फोडतो. मी लांब उभी राहते आणि मशीनच्या बेअरिंगमध्ये हळद जात नाही ना, एवढंच पाहते. यंदा तो नाही. नव्या पात्याचं पहिलंच वर्ष. मशीनला आपल्याला विसरले असं वाटू नये. विसरलं गेलं की काय वाटतं ते मशीनलाही कळत असेल. हा शिस्तीचा भाग झाला, श्रद्धेचा नव्हे.

हळद वाहिली. झेंडू वाहिला. आता नारळ. भिवाजी कशावर फोडतो ते इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, कारण माझं लक्ष बेअरिंगवर. नारळाला कडक जागा लागते. मशीनमधली सगळ्यात कडक जागा कोणती? हा साधा तर्क आहे, कुणीही हाच केला असता. मशीन उलटं केलं आणि नारळ नव्या पात्यावर आपटला.

नारळ फुटला नाही. पातं एका बाजूने सुटून वर आलं. घाबरून दुसऱ्यांदा आपटला. नारळ फुटला. पातं वाकलं, आणि करवंटीचा तुकडा वरच्या पात्यांमध्ये जाऊन बसला.

ते दोन स्क्रू कुठले होते हे आता दिसतं. पण यात चूक कंपनीची. जास्तीचे आणि गरजेचे स्क्रू दिसायला सारखे कशाला करायचे?

थोड्या वेळाने कुसुम वाटी घेऊन आली. चेहरा एकदम गंभीर, पदराचं टोक तोंडात. म्हणाली, वन्सं, खोबरं तरी द्या, वड्या करते.

रविवार, १४ ऑक्टोबर. दसरा

हणमंत सोनं द्यायला आला. वाकून नमस्कार केला. आपट्याचं पान घेतलं, आशीर्वाद दिला, तोंडी. आशीर्वाद लेखी द्यायची पद्धत नाही, म्हणून निश्चय मोडला असं होत नाही. तो जाताना म्हणाला, अक्का, या नारळाचा खिळा पण माझाच का?

दार लावून घेतलं.

सोमवार, १५ ऑक्टोबर

अप्पारावपुढे पातं ठेवलं आणि सांगितलं की निकृष्ट माल दिलास, पहिल्याच दिवशी वाकलं. त्याने पातं डोळ्यांजवळ नेलं. काठावरून काहीतरी चिमटीने काढलं आणि काउंटरवर ठेवलं. नारळाची शेंडी. शेजारी हळद.

म्हणाला, अम्मा, ये घास काटने का पाता है. नारियल की चटनी होना तो आपकू होटल में भी मिलती.

दुकानातली दोन गिऱ्हाइकं फार मोठ्याने हसली. मी दुसऱ्या पात्याची ऑर्डर दिली. ते नोव्हेंबरात येईल म्हणाला. कारण विचारलं तर म्हणे, सब लोगां जा रे ना अम्मा, सामानां बुक हो रे, मालगाडी में जगा नै. म्हणजे हेही हणमंतसारख्यांमुळेच.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

भिवाजी परत आला. मी नेहमीसारखं रामराम ऐकायच्या तयारीत होते. तो म्हणाला, जयभीम बाई. मी गुड मॉर्निंग म्हटलं. त्याला चाललं. मलाही. आता रोज तेच.

मशीन पाहिलं त्याने. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मशीनकडे. म्हणाला, बाई, आता आमी हत्याराला हळद लावत न्हाई, नारळ बी न्हाई. मी म्हटलं, उत्तम, यंदापासून या घरातही बंद. म्हणाला, न्हाई, पर फोडायचा तर आमी पायरीवर फोडत हुतो.

जुनं पातं त्यानेच परत चढवलं. सगळ्या स्क्रूंसकट. शेंड्या पुन्हा सुरू. विळ्याने कापू का म्हणाला. हे लॉन आहे, वैरण नव्हे, असं मी त्याला सुनावलं. गवत पोटरीपर्यंत आलं आहे आणि त्यात काल हणमंतचा कुत्रा दिसेनासा झाला, नुसती शेपटी फिरत होती.

बुधवार, २४ ऑक्टोबर

हणमंतच्या बंगल्याचे पडदे उतरले. उघड्या खिडक्या बऱ्या दिसत नाहीत. आतून ठोकाठोक. प्रत्येक ठोक्याला मी मनात म्हणते, खिळा. आज तर मोजायचंही सोडून दिलं.

निश्चय: रविवारी निरोपाचा चहा, लॉनवरच. वाट्टेल ते झालं तरी.

रविवार, २८ ऑक्टोबर. रात्री आठ

चहा झाला. लॉनवरच झाला. जुन्या पात्याने कापून घेतलं होतं. टेबल ठेवलं तर चारी पाय चार निरनिराळ्या उंचीवर. वेताच्या खुर्च्या गवतात रुतल्या आणि आमचे तिघांचे गुडघे हनुवटीशी आले. बशीत टोळ. कुसुमच्या चहात आणखी एक. ती म्हणाली, याला पण औरंगाबादची बदली झाली वाटतं.

हसू आलं. हणमंत गवताच्या काडीला गाठी मारत बसला. लहानपणी परीक्षेच्या आधी असाच बसायचा, मी धडे म्हणून घ्यायची. म्हणाला, अक्का, परवाची गाडी आहे. तुझं काय ठरलं?

आत्ता विचारायची वेळ होती. उन्हाळ्यात काय होतं रे तुझ्या मनात? एवढंच तर वाक्य. मी सगळ्या राज्यभर शाळा तपासत फिरले, पंतोजींना घाम फोडला. तोंडातून आलं ते असं: पातं नोव्हेंबरात येणार आहे.

तो उठला. म्हणाला, बरं. मशीन तूच ठेव.

मला दान नको, असं मी म्हटलं. तो तोपर्यंत आत गेला होता.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

स्टेशनवर जाणार नव्हते. मला दोरा आणायचा होता. काचीगुड्याचं स्टेशन वाटेत लागतं. बहुतेक लागतं. प्लॅटफॉर्म तिकीट काढलं, कारण आत सावली असते.

मनमाडकडची गाडी. माणसं कमी आणि ट्रंका जास्त. जिकडे तिकडे मराठी, सगळे एकदम बोलत होते, आणि सगळे जाणारे. कुसुम खिडकीतून वाकली, माझा हात धरला, म्हणाली, वन्सं, पारी पातळ कशी करायची ते कधी शिकवलंच नाहीत. म्हटलं, शिकायला राहायला लागतं. नको ते बोलले. तिने हात सोडला नाही.

हणमंत दारात उभा. गाडी हलली तसा ओरडला, अक्का, चल ना! सगळ्या डब्याने ऐकलं. मी ओरडले, पात्याचं काय? शेजारची एक म्हातारी मला म्हणाली, बाळंतपणाचं आहे का कुणाचं?

दोरा राहिला.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

दिवसभर काही झालं नाही. भिवाजी आला. शेजारच्या बंगल्याला कुलूप आहे तर आता तिकडची बाजू कापायची का, असं त्याने विचारलं. म्हटलं, राहू दे. मग म्हटलं, काप. मग म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, बाई, गवताला ठावं न्हाई हद्द कुठं हाय ते.

संध्याकाळी चहा दोन कप जास्त झाला. माप चुकलं.

गुरुवार, १ नोव्हेंबर १९५६. सकाळी ११

सकाळपासून लाउडस्पीकर. नवं राज्य झालं. मी तीच आहे, घर तेच आहे, पत्ता तेवढा दुसऱ्या राज्यातला झाला.

अप्पारावचा माणूस नवं पातं देऊन गेला. वेळेवर! आयुष्यात पहिल्यांदा. भिवाजीने बसवलं, मी स्क्रू हातात दिले. सगळं लॉन कापून घेतलं, दोन्ही बाजू. एक काडी वर नाही. मखमल. भिवाजी म्हणाला, झालं बाई. खरंच झालं. आता पात्याविषयी कुणाशी भांडायचं काही शिल्लक नाही.

खुर्ची टाकून मधोमध बसले. पाच मिनिटं बसले असेन. आत आले आणि हे पत्र लिहिलं. भिवाजीचा मुलगा रेल्वेत आहे, तो आजच्याच गाडीने पोचवतो. प्रत इथे उतरवून ठेवते.

चि. हणमंत यास,

विषय: खुलासा मागणे.

पात्याचा प्रश्न मिटला आहे, तरी त्याबद्दल पुन्हा लिहू नये. दुसरा प्रश्न मिटलेला नाही. उन्हाळ्यात तू खात्याला औरंगाबाद असं लिहून दिलंस, त्या वेळी माझं काय करायचं हे तुझ्या मनात आलं होतं का? की ते खिळा सापडल्यावर सुचलं? होय किंवा नाही, एवढं उत्तर पुरे. शाईने, तारखेसह. कुसुमच्या अक्षरातलं किंवा सिगारेटच्या पाकिटावरचं चालणार नाही.

उत्तर टपालात टाकू नये. टपालाचा मला भरवसा नाही. ते हातात घेण्यासाठी शनिवारच्या गाडीने मी स्वतः निघते आहे. रविवारी भाऊबीज येते हा पंचांगाचा प्रश्न आहे, माझा नव्हे. सोबत अनारशांचा डबा असेल, त्याचा या प्रकरणाशी संबंध जोडू नये. स्टेशनवर येण्याची गरज नाही. आलास तर छत्री आण, माझी इथे मोडली आहे. माझी खोली कोणती हे आल्यावर पाहू. घरापुढे हिरवळ नसली तरी अडणार नाही.

रविवार, ४ नोव्हेंबर १९५६, सकाळी दहाच्या आत लेखी उत्तर तयार असावं. उत्तर 'नाही' असं असलं तरी चालेल. पण लेखी, आणि दहाच्या आत.

तुझी,
अक्का